चौदा दिवसांचं पाणी आणि रॉड्रिग्जचं बंदर

पोर्ट मॅथ्युरिन, रॉड्रिग्ज बेट
२७ जुलै

प्रिय बाबू,

पोचलो. पोचून चार दिवस झाले, पण बोटं अजून नीट मिटत नाहीत, म्हणून अक्षर असं वाकडंतिकडं आलंय. डाव्या बरगडीला मार बसलाय. मोडलेली नाही, इथल्या डॉक्टरला दाखवून आलो. माझ्या आईच्या कानावर यातलं काही घालू नकोस. 'पोचला, जेवतोय', एवढंच सांग.

फोन केला असता, पण हे फोनवर मला जमलं नसतं. तुझे बाबा गेले तेव्हा आपण फोनवरच बोललो होतो ना, आणि दोघांनाही काही सुचलं नव्हतं. दिवसांना मला येता आलं नाही, ते अजून सलतंय. म्हणून सगळं सविस्तर लिहायला बसलोय. या चौदा दिवसांत तुझे बाबा रोज माझ्याबरोबर होते, आणि ते तुला सांगितल्याशिवाय माझ्यानं पुढे जाववणार नाही.

आधी नकाशा काढ. ऑस्ट्रेलियाच्या मालकीची कोकोस बेटं शोध, १२ अंश दक्षिणेला, सुमात्राच्या खाली. तिथून पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे झुकत बोट फिरव. मधे काहीही लागणार नाही. सुमारे २००० सागरी मैलांनंतर एक ठिपका लागेल, तो रॉड्रिग्ज. बेट मॉरिशसचं, पण मॉरिशसपासूनही जवळजवळ ६०० किलोमीटर पूर्वेला, एकटंच. होडी ११ मीटरची, आणि आम्ही तिघं: पर्थमधला माझा निवृत्त झालेला साहेब, त्याची बायको आणि मी. कप्तान तो. त्यांनी ही होडी दहा वर्षं राबून तयार केली, आणि कोकोस ते मॉरिशस या टप्प्यासाठी तिसरा हात हवा म्हणून मला बोलावलं. मी विमानानं कोकोसला जाऊन चढलो. ९ जुलैला सकाळी नांगर उचलला.

शाळेत आपण व्यापारी वारे पाठ केले होते, आठवतं? नकाशावर बाण काढायचे आणि दोन मार्क मिळवायचे. तो बाण चौदा दिवस अंगावर घेतला तेव्हा तो काय आहे ते कळलं. आग्नेयेकडून येणारा वारा, दिवसरात्र, एका दमात. जुलै-ऑगस्टात तो सगळ्यात जोरात असतो. आम्हाला २५ ते ३० नॉट, म्हणजे ताशी तेवढे सागरी मैल, रोजचाच, आणि काळा ढग डोक्यावर आला की ४०. आणि बाबू, हाच वारा पुढे विषुववृत्त ओलांडतो, उजवीकडे वळतो आणि नैऋत्य मोसमी होऊन तुमच्या अंगणात येतो. माझ्या डाव्या खांद्यावर जो चौदा दिवस बसून होता, त्यानंच काही दिवसांनी तुमची कौलं वाजवली असतील. हे पहिल्यांदा डोक्यात आलं तेव्हा मी रात्रपाळीला एकटा होतो, आणि त्या वाऱ्याचा राग येणंच थांबलं.

वारा मागून असला तर त्रास कसला, असं तुला वाटेल. तूही होडीवर वाढलास, तुला समजेल म्हणून सांगतो. वाऱ्याच्या लाटा डावीकडून मागून येत होत्या, चार मीटरच्या. त्या सरळ होत्या, त्यांच्याशी जमवून घेता आलं असतं. पण दक्षिणेला, चाळीस अंशांच्या खाली, हिवाळ्यात वादळामागून वादळ जात असतं, आणि त्यांचा फुगवटा हजारो मैल चालत नैऋत्येकडून येतो. म्हणजे आमच्या डावीकडून, पण पुढून. दोन वेगवेगळ्या घरच्या लाटा आमच्या होडीखाली भेटायच्या. बहुतेक वेळा एकमेकींतून निघून जायच्या. कधी मात्र एकीवर एक चढायची आणि पाण्याचा टोकदार ढीग उभा राहायचा, वर फेस, आणि तो ढासळायचा कुठे याचा नेम नाही. पाठीला लाट ठेवून चाललोय म्हणता म्हणता थोबाडीत बसायची.

पहिले चार दिवस सुकाणूला हात लावावा लागला नाही. होडीच्या मागे वाऱ्यावर चालणारं यंत्र होतं. वर वाऱ्यात एक पंख, खाली पाण्यात एक पातं, आणि दोघांमधून सुकाणूच्या दांड्याला बांधलेल्या दोऱ्या. वीज लागत नाही, थकत नाही, कुरकुरत नाही. पाचव्या दिवशी पहाटे अशाच एका ढिगानं होडीला बाजूनं धक्का दिला आणि खालचं पातं बुंध्यापासून मोडलं. जोडीला एक पातं होतं, पण ते बसवायचं तर मागच्या कठड्याबाहेर लोंबकळावं लागलं असतं. त्या पाण्यात कप्तानानं कुणाला उतरू दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. विजेवरचा ऑटोपायलट त्या लाटांना पुरा पडेना. तो धापा टाकायचा आणि बॅटऱ्या पिऊन टाकायचा. म्हणजे उरलेले जवळपास १३०० मैल हातानं. दोन तास दांड्यावर, चार तास सुट्टी. रात्रंदिवस, दहा दिवस.

पहिल्या पाळीत मी पार हरलो. मान वळवून मागची लाट बघायची, ती आली की दांडा ओढायचा, तोवर उशीर झालेला. लाट मागचा डावा कोपरा उचलते, शेपूट उजवीकडे फेकते आणि नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे वळायला बघते. वळली तर होडी आडवी, आणि आडवी झाली तर पुढची लाट तिला लोळवणार. मी दर वेळी उशिरा ओढत होतो आणि मग जास्त ओढत होतो. होडी दारू प्यायल्यासारखी चालली होती. आत झोपायला गेलेला कप्तान दोनदा उठून दारात आला. बोलला काही नाही, पण नजर बोलली.

आणि तेव्हा मला आपल्या मालवणच्या राजकोटच्या बाहेरची ती दुपार आठवली. आपण नववीत असू. नुकतीच होडी उतरवली होती, पावसाळ्यानंतरची, आणि पाणी अजून चढलेलं. बंदराच्या तोंडाशी खडकांमधून यायचं होतं आणि बाबांनी दांडा माझ्या हातात दिला. तू पुढे बसून दोरी धरली होतीस. मी सारखा मागे बघत होतो. बाबांनी माझी हनुवटी धरली, मान पुढे वळवली आणि म्हणाले, "तिकडे काय बघतंस? पायाक काय लागता ता बघ." त्यांच्या बोटांना जाळ्याचा आणि डिझेलचा वास होता. तो वास मला तिथे, समुद्राच्या मधोमध, नाकाशी आला. खोटं सांगत नाही.

मी बूट काढले. कप्तानाच्या बायकोनं डोळे वटारले, कारण थंडी होती आणि बुटांशिवाय पाय घसरतो. पण मी अनवाणी पाय दोन्हीकडच्या फळ्यांना टेकवले आणि फक्त पुढे बघत राहिलो. लाट यायच्या आधी डाव्या टाचेखाली फळी हलकी होते. अगदी किंचित, जिन्यात एक पायरी कमी असावी तशी. त्याच क्षणी दांडा आपल्याकडे चार बोटं ओढायचा. चारच. मग लाट येते, शेपूट उचलते, पण नाळ आधीच तिला उत्तर देऊन बसलेली असते. होडी सरळ घसरत खाली जाते, पाणी दोन्ही बाजूंना फुसफुसत मागे पडतं, आणि मग सोडून द्यायचा. तासाभरात जमलं. दुसऱ्या दिवशी कप्तान माझ्या पाळीत पहिल्यांदा सलग झोपला. उठल्यावर त्यानं विचारलं, हे कुठे शिकलास? मी सांगितलं, मालवणच्या एका तांडेलाकडे. त्यानं नाव विचारलं. मी सांगितलं, आणि त्यानं ते होडीच्या रोजनिशीत त्या दिवसाच्या नोंदीखाली लिहून ठेवलं. पानाचा फोटो काढलाय, आल्यावर दाखवतो.

सहाव्या रात्री एक गंमत झाली. आम्ही पश्चिमेला सरकू तशी घड्याळं मागे करत होतो. कोकोसची वेळ आपल्यापेक्षा तासभर पुढे, रॉड्रिग्जची दीड तास मागे. मधे कुठेतरी आपली वेळ येणारच होती. ८२.५ अंश पूर्व रेखांश ओलांडला तेव्हा मी पाळीवर होतो. भारताची घड्याळं याच रेषेवर लावलेली. काटे फिरवले आणि माझ्या मनगटावर मालवणची वेळ आली. रात्रीचे पावणेतीन. मी मोठ्यानं म्हणालो, बाबू झोपला असेल. काकी एव्हाना एकदा उठून पागोळीखालची बादली बदलून परत पडली असेल. किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

खाण्याचं विचारशीलच. कुकर शेगडीला दोरीनं बांधून खिचडी. शेगडी झोपाळ्यासारखी टांगलेली असते, होडी कलली तरी ती सपाट राहते, पण उभा राहणारा माणूस सपाट राहत नाही. त्याला पट्ट्यानं बांधून घ्यावं लागतं. मी पर्थहून मेतकूट नेलं होतं. मऊ भात, मेतकूट, तूप. ते दोघं पहिल्या दिवशी साशंक होते, चौथ्या दिवसापासून मागून खाऊ लागले. सकाळी डेकवर उडते मासे पडलेले असायचे, ते तळायचे. झोप मात्र कुणालाच धड नाही. अंथरूण ओलं, उशी ओली, मीठ कातडीत शिरलेलं.

नवव्या रात्री बरगडी गेली. चंद्र नव्हता. पायाला मागची लाट कळत होती, पण ही पुढून डावीकडून आली. आधी आवाज आला, खडी ओतणाऱ्या ट्रकसारखा. वर बघतो तर डोलकाठीच्या निम्म्यावर पांढरी रेघ. चकाकणारी, कारण त्या पाण्यात काजव्यासारखा उजेड होता. मग ती कोसळली. मी दांड्यावरून उचलला गेलो, कमरेच्या पट्ट्यानं खाडकन थांबलो आणि बरगडीनं कठड्यावर आपटलो. बसायचा खळगा काठोकाठ भरला. गळ्यापर्यंत पाण्यात बसून मी दांडा शोधत होतो आणि पाण्यात हिरवे ठिपके फिरत होते. होडी आडवी होऊन तशीच थबकली. मग हळूहळू उठली, पाणी मागच्या भोकांतून गडगडत गेलं, आणि हाताला दांडा लागला. मी ओढला. तिनं ऐकलं. दारातून कप्तानाचं डोकं बाहेर आलं आणि त्यानं माझं नाव घेतलं, तीन वेळा. मी ओरडलो, आहे! त्यानंतर मला रडू आलं आणि ते बराच वेळ थांबलं नाही. रडत रडत दांडा धरला होता. त्या रात्री मला मरणाची भीती वाटली, बाबू, तुझ्यापासून काय लपवायचं.

उरलेल्या दिवसांचं फारसं सांगण्यासारखं नाही. नुसतं पुढे जाणं होतं.

२३ तारखेला उजाडताना क्षितिजावर ढगांची एक रास जागची हलेना. बाकीचे ढग पळत होते, ती थांबलेली. कप्तान म्हणाला, त्याच्याखाली डोंगर असणार. तासाभरानं तो दिसला. इथला सगळ्यात उंच डोंगर ३९८ मीटरचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीपुढे टेकडीच, पण आम्हा तिघांना तो हिमालय वाटला. बेटाला वळसा घालून उत्तरेला आलो, आणि एकदम सगळं थांबलं. वारा बेटानं अडवला, लाट प्रवाळाच्या भिंतीनं अडवली. होडी चौदा दिवसांत पहिल्यांदा सरळ उभी राहिली. आतल्या फडताळात एक कप सारखा किणकिणायचा, तो गप्प झाला आणि आम्ही तिघंही गप्प झालो. मग बेटावरून वास आला. चुलीचा धूर, ओली माती आणि शेण. कप्तानाची बायको डोळे पुसत होती.

बंदरात शिरायला प्रवाळातून खोदलेली अरुंद वाट आहे, दोन्ही बाजूंना खुणांचे खांब. आत नांगर टाकला तोवर अधिकारी धक्क्यावर येऊन उभे होते: तटरक्षक, आरोग्यवाले, कस्टम, इमिग्रेशन. सगळे हसतमुख. आपल्या पासपोर्टाला इथे आधी व्हिसा काढावा लागत नाही. शिक्का मारून मोकळं केलं. धक्क्यावर पाय ठेवला आणि पडलो. जमीन हलत होती. दोन दिवस हलत होती. एक नियम मजेशीर आहे: मॉरिशसच्या पोर्ट लुईहून मालाची बोट आली की होड्यांनी नांगर उचलून बाहेर जायचं, कारण तिला वळायला तेवढीच जागा. परवा आलीच. सगळं गाव धक्क्यावर. सिमेंट, गॅसच्या टाक्या, तांदूळ, गाद्या, आणि कुणाची तरी नवी शिलाई मशीन.

गाव एवढंसं. चार-पाच सरळ रस्ते, पत्र्याची छपरं, संध्याकाळी सगळं बंद. सगळ्या बेटावर मिळून चाळीस हजारांच्या वर थोडी माणसं, बहुतेक क्रिओल बोलणारी, आफ्रिका-मादागास्करच्या मुळाची. शनिवारी पहाटे बाजार. मी पाचला गेलो. लिंबं, लाल मिरचीचं लोणचं, मध, राजमा, मक्याचं पीठ, आणि दोरीवर वाळवलेले अष्टपाद, म्हणजे ऑक्टोपस. केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानांच्या टोप्या आणि टोपल्या, इतक्या घट्ट विणलेल्या की पाणी ठरावं. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडलं आणि मला आपल्या माजघरात उभं असल्यासारखं झालं. पपई आणि खोबऱ्याचं सारण भरलेला एक गोड पदार्थ असतो, तो धक्क्यावर बसून चार खाल्ले.

इंडोनेशियातला क्राकाटोआचा ज्वालामुखी शाळेत वाचला होतास ना? २७ ऑगस्ट १८८३ ला तो फुटला, तो आवाज इथे ऐकू आला होता. सुमारे ४८०० किलोमीटरवर. इथल्या पोलीस प्रमुखानं लिहून ठेवलं की पूर्वेकडून तोफांसारखे आवाज येताहेत. आवाजाला यायला चार तास लागले. कस्टमच्या माणसानं मला हे सांगितलं, त्याच्या खिडकीतून पूर्वेला बोट दाखवत. आम्ही ज्या पाण्यावरून आलो, त्याच पाण्यावरून तो आवाज आला असणार.

आणखी एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. १८०९ मध्ये इंग्रजांनी हे बेट ताब्यात घेतलं, पुढच्या वर्षी मॉरिशस फ्रेंचांकडून घ्यायचं म्हणून. उतरलेल्या फौजेत २०० गोरे होते आणि २०० मुंबई फौजेचे देशी शिपाई. त्या फौजेत तेव्हा कोकणातली माणसं पुष्कळ. म्हणजे माझ्याआधी दोनशे वर्षं, रत्नागिरी-सावंतवाडीकडचा कुणीतरी याच किनाऱ्यावर उभा राहून पूर्वेकडे बघत असणार. त्यांची नावं मला कुठे दिसली नाहीत. मी धक्क्याच्या टोकाशी जाऊन जरा वेळ उभा राहिलो. आणखी काय करणार?

पण सगळ्यात जास्त जे बघितलं ते ओहोटीला. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे आणि आत उथळ पाणी, बेटाच्या दुपटीहून मोठं. ओहोटी लागली की बायका निघतात. डोक्यावर टोपी, अंगात जुना पूर्ण बाहीचा सदरा, पायात रबरी बूट, हातात लोखंडी टोकाची काठी. किलोमीटरभर आत चालत जातात, गुडघाभर पाण्यात, आणि भोकाभोकांतून अष्टपाद काढतात. मी एका साठीच्या बाईबरोबर गेलो, तिच्या मुलाला थोडं इंग्रजी येत होतं. बाबू, ती चालायची कशी, तर काकीसारखी. काकी ओहोटीला खडकावर कालवं काढायला जायची तेव्हा तिचं पाऊल आधी बोटांनी चाचपायचं आणि मग टेकायचं. तस्सं. तिनं एका भोकापाशी थांबून मला दाखवलं. तोंडाशी खेकड्याची कवचं नीट मांडलेली. घरात कुणी आहे, जेवून बसलंय. तिनं काठी आत घातली, मनगट वळवलं, आणि एक करडा हात तिच्या कोपरापर्यंत गुंडाळत वर आला. तिनं तो न ओरबाडता, एकेक चूषक सोडवत काढला. तिच्या हातावर गोल गोल लाल ठिपके उठले होते, बांगड्यांसारखे.

एक छोटा निघाला. तिनं तो परत सोडला. मुलगा म्हणाला, पुढच्या महिन्यात बंदी लागेल, तोवर कशाला. २०१२ पासून इथे वर्षातले काही आठवडे अष्टपाद धरायचे नाहीत असा नियम आहे. त्याआधी माल वर्षावर्षाला लहान होत चालला होता. अष्टपाद भराभर वाढतो, महिना-दोन महिने सोडला तर वजन कितीतरी चढतं. आणि बंदीच्या काळात या बायकांना दुसरं काम देतात, किनारा साफ करण्यासारखं, रोजावर. मी ऐकत होतो आणि डोक्यात आपल्याकडचा १ जून ते ३१ जुलै होता. बाबा बंदी कधी मोडायचे नाहीत, त्या दिवसांत दाराशी बसून जाळी विणायचे, आणि मोठ्या बोटवाल्यांना शिव्या द्यायचे. त्यांना ही बाई दाखवायला हवी होती. ते तिच्याशी मालवणीत बोलले असते आणि तिला समजलं असतं, याची मला खात्री आहे.

बरं. मोडलेलं पातं कप्तानानं काल बदललं. सोमवारी मॉरिशसला निघतोय, तीन-एक दिवसांचं पाणी. तिथेही गणपतीला सार्वजनिक सुट्टी असते, तिथले मराठी लोक बसवतात. पण मी तिथून विमान धरून घरी येतोय. काकीसाठी इथली टोपी घेतली आहे, तिला म्हणावं ओहोटीला घालायची, ट्रंकेत ठेवायची नाही.

बाबांच्या होडीला गिऱ्हाईक आलंय असं तू म्हणाला होतास. विकायची तर वीक, घर तुला चालवायचंय, त्यात मी बोलणार नाही. फक्त सुकाणूचा दांडा आधी काढून ठेव. गिऱ्हाइकाला नवा करून दे, सुताराचे पैसे मी देईन. बाबांच्या हातानं जिथे खड्डा पडलाय, तिथे मला एकदा हात ठेवायचाय.

हे पत्र उद्याच्या बोटीनं जाईल. कदाचित माझ्यानंतर पोचेल, तरी वाच.

तुझाच,
दादू